उत्तर न आल्यास

दार उघडलं तेव्हा सगळ्यात जास्त ताईच दचकली.

तिच्या हातात काच तडकलेला जुना फोन होता. या घराची एक किल्ली तिने मुद्दाम त्या फोनमध्ये घेतली होती आणि घेतल्या घेतल्या रद्दही केली होती. मघाशी तो फोन दाराला लावला तेव्हा कुलपाने तांबडा दिवा दाखवून चोख नकार दिला. मग ती तीन मजले उतरून खाली गेली, जिन्याखालच्या कोनाड्यातली इंटरनेटची पेटी बंद केली, धापा टाकत वर आली आणि तोच फोन त्याच दाराला लावला. कुलूप जरा घुटमळलं. मग हिरवा दिवा, आणि खट्‌.

"लिफ्ट आहे की," आतून धाकटी बहीण म्हणाली. "जिने कशाला चढतेस?"

"लिफ्टचं नाव काढू नकोस."

धाकटीचा नवरा लिफ्टदुरुस्तीची कामं करायचा. इमारतीत कुठली पेटी कुठे असते आणि कुठली वायर कुठे जाते, हे लिफ्टवाल्यांना तोंडपाठ. त्यानेच एकदा जेवताना हसत सांगितलं होतं, "ताई, तुमची कुलपं फार गुणी आहेत हं. खालची पेटी बंद केली की कुणालाही आत घेतात." तेव्हा सगळे हसले होते. आता तो बाहेरगावचं काम संपवून शुक्रवारी दुपारच्या गाडीने परत येणार होता, आणि त्याने येऊ नये असं धाकटीचं म्हणणं होतं.

तिने त्याला तसं सांगितलंही होतं. तो ऐकून घ्यायचा आणि विषयच निघाला नसल्यासारखा वागायचा. मारहाण नव्हती. आईच्या शब्दांत सांगायचं तर "हात धरला असेल फार तर." पण मागच्या खेपेला धाकटी दातांच्या दवाखान्यातलं काम आटपून संध्याकाळी घरी आली, दिवा लावला, तर हा खुर्चीत बसलेला. दुपारपासून. एक शब्द बोलला नाही. तिचा फोन काढून घेऊन स्वतःच्या खिशात ठेवला आणि सकाळी जाताना परत दिला. तेव्हापासून धाकटीला घरात असताना भीती वाटत नसे. आतून कडी होती. भीती वाटायची ती बाहेरून घरी येताना. दाराबाहेर साधं कुलूप लावावं, तर घरमालक लोखंडी दाराला भोक पाडू देत नव्हता.

"त्याची किल्ली रद्द केलीस ना?" ताईने पेटी चालू करून पुन्हा बंद करायला जाता जाता विचारलं.

"हं," धाकटी म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

कुलपांच्या कंपनीत ताईला सगळे पुन्हाताई म्हणत. प्रोग्रॅम कुणीही लिहिलेला असो, चालला की बाकीचे चहाला जायचे आणि ही म्हणायची, "पुन्हा बघू." लग्नाचं विचारलं की अगदी तरुणपणीही हेच म्हणायची, आणि बघता बघता पंचेचाळिशी उलटली. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या वाटेवरून परत येई, आणि गॅस दर वेळी बंदच असे. आई म्हणायची, "एकदा तरी चालू ठेवत जा गं, फेरी फुकट तरी जाणार नाही."

त्या दिवशी मात्र पुन्हा बघूनही तेच झालं. पेटी बंद, रद्द केलेला फोन, हिरवा दिवा. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा ती जिन्यातच बसली.

असं का होतं हे तिला चांगलं माहीत होतं. कंपनीच्या कुलपाला धातूची किल्ली नाही. फोनमध्ये एक डिजिटल प्रमाणपत्र असतं: या फोनवाल्याला या दारातून आत सोडावं, खाली कंपनीची सही. सही खरी की खोटी हे कुलूप स्वतः ओळखतं, त्यात ते फसत नाही. पण माणूस नकोसा झाला म्हणून जुनी सही काही पुसली जात नाही. तेव्हा कुलूप दर वेळी कंपनीला विचारतं, हे प्रमाणपत्र मधल्या काळात रद्द तर नाही झालं? हो किंवा नाही असं उत्तर येतं आणि त्याप्रमाणे दार वागतं. आणि उत्तरच आलं नाही तर? इंटरनेट बंद असेल, कंपनीचा संगणक झोपला असेल, तर? तर कुलूप थोडी वाट बघतं, आणि रद्द नसेलच असं धरून उघडतं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"उत्तर नाही आलं तर दार बंदच राहिलं पाहिजे," ती म्हणाली.

साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त सगळ्या तक्रारी त्यांच्याच टेबलावर यायच्या. "पुन्हाताई, दार उघडलं नाही तर माणूस काय करतो? मला फोन करतो. आरडाओरडा करतो. दार उघडलं तर कुणी फोन करतं का?"

"ज्याच्या घरात नको तो माणूस शिरला तो करेल."

"त्याला कळतं का कुलूप का उघडलं ते? आजवर उघड्या दाराची एक तरी तक्रार दाखवा."

"म्हणून ती नसते असं होत नाही."

"आणि तुमच्या मातोश्री?" साहेब म्हणाले. "विसरलात?"

विसरली नव्हती. पहिल्या पहिल्या कुलपांना उत्तर मिळालं नाही तर ती उघडत नसत. एका दुपारी इंटरनेट गेलं आणि ताईची आई भाजीच्या पिशवीसकट जिन्यात अडकली. शेजारणीने स्टूल दिलं. संध्याकाळी ताई घरी पोचली तोवर सगळ्या मजल्यांना कळलं होतं, की पोरगी कुलपं करते आणि आई पायरीवर बसते. अशा तक्रारींचा ढीग झाल्यावर बैठक झाली आणि उत्तर नाही आलं तर उघडायचं असं ठरलं. हात वर केलेल्यांत ताईही होती. रद्द किल्ल्या अडतात की नाही याची चाचणी त्यांनी नंतर असंख्य वेळा घेतली. पण ती कचेरीत, जिथे उत्तर देणारा संगणक भिंतीपलीकडेच ठेवलेला. ज्या खोलीत उत्तर न येणं शक्यच नाही, त्या खोलीत बसून त्यांनी आपलं कुलूप पक्कं असल्याचं ठरवून टाकलं होतं.

"चिठ्ठीचं काम पुढे ढकललंय, ते आता करू या का?" ताईने विचारलं.

ही चिठ्ठी म्हणजे काही तिच्या डोक्यातून निघालेली युक्ती नव्हती. जगभरचे प्रोग्रॅमर ती वापरतात. या कंपनीत ती 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणून पडून होती. कुलपाने विचारायला जायचंच नाही. येणाऱ्याच्या फोननेच रोज सकाळी कंपनीकडून एक ताजी चिठ्ठी आणायची: आजच्या तारखेला हे प्रमाणपत्र रद्द झालेलं नाही. त्यावर पुन्हा कंपनीची सही. कुलपाने फक्त सही आणि तारीख बघायची. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, म्हणजे आई जिन्यात अडकणार नाही. आणि ज्याची किल्ली रद्द झाली त्याला चिठ्ठीच मिळणार नाही, मग तो खालची पेटी बंद करो नाहीतर उचलून घरी नेवो.

"चिठ्ठी किती वेळ चालायची?" साहेबांनी विचारलं.

"एक तास."

"आठवडा."

"आठवडाभरात माणूस काय काय करेल साहेब!"

"आणि तासातासाला चिठ्ठी आणताना फोनची बॅटरी काय काय करेल?"

शेवटी सकाळची चिठ्ठी दुसऱ्या सकाळपर्यंत चालेल असं ठरलं. आधी एका इमारतीत लावून बघायचं. इमारत कुठली, हे साहेबांनी विचारलं नाही. धाकटी कुठे राहते हे त्यांना माहीत होतं.

मग ताई कामाला लागली. लागली म्हणजे कशी, तर दोन ओळी लिहायची, उठायची, पाणी प्यायची, येऊन त्यातली एक खोडायची. शेजारचा म्हणाला, "तुम्ही बसून बोला ना खुर्चीशी, काय भांडण आहे ते मिटवा." तिला ऐकूच आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तिने तो तसाच बंद केला. एखादी जागा राहून गेली असेल, जिथे काही चुकलं की प्रोग्रॅम मुकाट्याने 'ठीक आहे' म्हणून पुढे सरकतो, अशी धास्ती तिला दर ओळीला वाटत होती. तशा दोन जागा सापडल्या. त्या सापडल्याने बरं वाटायच्या ऐवजी आणखी किती असतील हेच मनात घोळत राहिलं.

बुधवारी संध्याकाळी आईने ताट वाढता वाढता सांगितलं, "जावयांचा फोन आला होता."

ताईचा हात थांबला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, मी शुक्रवारी घरी येतोय. चालेल ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणू? काहीच बोलले नाही."

"काहीच नाही?"

"गप्प बसले. जावयाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्याला आपोआप कळेल ना, मी गप्प बसले त्यावरून."

"आई, त्याला हो असं कळलं असेल!"

"ते कसं काय? मी हो म्हटलंच नाही!"

"तू नाही म्हटलं नाहीस!"

"ओरडू नकोस. आमटी गार होतेय. तुझे बाबासुद्धा काही विचारलं की गप्पच बसायचे, आणि आम्हाला बरोबर कळायचं."

"काय कळायचं?"

आईने जरा विचार केला. "ते ज्याचं त्याला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारी दुपारी ताईने धाकटीच्या इमारतीतल्या सगळ्या कुलपांवर नवा प्रोग्रॅम चढवला आणि तडकलेला फोन घेऊन तिथे पोचली. धाकटीने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. पेटी चालू: तांबडा दिवा. पेटी बंद: तांबडा. पेटी बंद करून धाकटीचा फोन लावला: हिरवा, कारण तिच्याकडे सकाळची चिठ्ठी होती. ताईने उलटसुलट सगळं करून बघितलं. कुठेच फट दिसेना.

"झालं?" धाकटीने विचारलं.

"आता फक्त त्याची किल्ली बघते. दाखव तुझा फोन."

"कशाला? केलंस ना सगळं?"

"एकदा बघते गं."

धाकटीने फोन दिला नाही. तो पाठीमागे धरला, लहानपणी चिंधीची बाहुली धरायची तसा. ताईने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळाने फोन तिच्या हातावर आला. पडद्यावर या घराच्या किल्ल्या होत्या. धाकटीची, चालू. ताईच्या जुन्या फोनची, रद्द. नवऱ्याची.

चालू.

"तू तर म्हणाली होतीस—"

"मी हं म्हणाले होते."

ताई मटकन खुर्चीत बसली आणि लगेच उठली. आठवडाभर तिने ओळ न ओळ तपासली होती, एक सोडून. रद्द झालंय का हे विचारण्याची हजार साधनं करा, रद्द करणाऱ्याने केलंच नसेल तर उत्तर 'चालू' असंच येणार, आणि ते खरंच असणार.

"का नाही केलीस?"

"ते बटण दाबलं की विचारतं, नक्की का?"

"मग नक्की म्हणायचं!"

"आणि मग त्याच्या फोनवर निरोप जातो. तुमची किल्ली रद्द करण्यात आली आहे." धाकटी खिडकीकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, तू दारच असं करशील की त्याला ते उघडणार नाही. म्हणजे दारानेच सांगितलं असतं. मला सांगावं लागलं नसतं."

"दार काय स्वतःच्या मनाने सांगतं होय?"

"मला काय माहीत? तुझं दार आहे."

ताई खोलीभर फिरू लागली. धाकटी म्हणाली, "तूच कर ना ताई. ही इमारत तुझ्याकडे आहे ना आता? तुला तिथून करता येतं."

येत होतं. कचेरीतल्या तिच्या जागेवरून, एका टिचकीत. तिची बोटं शिवशिवत होती. आज केलं तर उद्या सकाळी त्याला नवी चिठ्ठी मिळणार नाही आणि आजची सकाळीच संपेल. उद्या केलं तर त्याच्या फोनने सकाळीच चिठ्ठी घेतलेली असेल आणि दिवसभर हे दार त्याचंच. रात्रीची वाट बघण्यातही अर्थ नव्हता. रात्री धाकटीचं धैर्य आणखी खचत असे.

"मी केली तर निरोप कंपनीच्या नावाने जाईल," ताई म्हणाली. "तो तुला विचारेल, तू केलीस का? तू काय सांगशील?"

धाकटी खिडकीची कडी लावत-काढत राहिली.

"बोल ना. काय सांगशील?"

"ताईने केली म्हणेन," धाकटी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं, मग रडू. "तू फार दुष्ट आहेस. लहानपणीपण अशीच होतीस. माझं गणित बघायचीस पण सोडवून द्यायची नाहीस."

"आणि अजून तुला गणित येत नाही."

धाकटीने डोळे पुसले आणि बटण न दाबता सरळ नवऱ्याला फोन लावला. ताई बाहेर जाऊ लागली तर तिने हातानेच थांब म्हणून खुणावलं. पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"ऐक," धाकटी म्हणाली. "उद्या इथे येऊ नकोस. मी तुझी किल्ली रद्द करतेय." तिकडून काहीतरी आलं. "नाही. ताईने नाही सांगितलं." पुन्हा काहीतरी, बराच वेळ. "ते मी ऐकलं. तरी येऊ नकोस."

फोन ठेवून तिने बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की का? तिने पुन्हा दाबलं, इतक्या जोरात की नखाचा आवाज झाला.

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"म्हणाला, बरं बरं, बोलू आल्यावर."

शुक्रवारी दुपारी ताई कचेरीत पडद्यासमोर होती. धाकटीच्या इमारतीतली सगळी कुलपं ठरावीक वेळाने 'आहे, आहे' असा निरोप पाठवत होती. गाडी येऊन गेली असेल. 'आहे.' आता तो स्टेशनातून निघाला असेल. 'आहे.' मग निरोप यायचे थांबले. एका दाराचे नाही, सगळ्या इमारतीचे. नुसती रिकामी जागा.

खालची पेटी बंद झाली होती.

"वीज गेली असेल," शेजारचा म्हणाला.

"असेल," असं म्हणेपर्यंत ताईने पर्स उचलली होती.

ती जिन्याने वर पोचली तेव्हा तो दारासमोर उभा होता. पायाशी बॅग, हातात फोन. त्याने एकदा तिच्यासमोरही लावून बघितला. तांबडा दिवा.

"या ताई," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "बरं झालं आलात. तुमचं कुलूप बिघडलंय."

"नाही. नीट चाललंय."

"मग उघडत कसं नाही?"

"तुम्हाला धाकटीने काल सांगितलंय."

"ती काय, रागात बोलते. आई तर काही म्हणाल्या नाहीत." तो हसला. "माझे कपडे आहेत आत. कपडे तरी घेऊ द्याल की नाही? उघडा तुम्ही."

"माझ्याकडे या घराची किल्ली नाही."

हे खरं होतं. इमारतभरची कुलपं तिच्या हातात होती, आणि किल्ली नव्हती. तो भिंतीला टेकला. घाई नसलेल्या माणसासारखा. ताईला मात्र एका जागी उभं राहवेना. ती चार पायऱ्या उतरायची आणि पुन्हा चढायची, धाकटीला फोन लावायची. शेवटी दवाखान्यात फोन लावला, तर तिथून सांगितलं, त्या निघाल्यात.

धाकटी आली ती लिफ्टमधून. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर हा. ती आत मागे सरकली नाही. बाहेर आली. घराच्या दाराशी मात्र गेली नाही. फोन तिने मुठीत घट्ट धरून ठेवला.

"उघड," तो म्हणाला.

"नाही."

"कपडे घ्यायचेत."

"देते. तू खाली जा. तू इथे असताना मी उघडणार नाही."

"लोक काय म्हणतील, जिन्यात असा तमाशा—"

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि कुणीतरी बघून ते उघडंच ठेवलं. धाकटीने तिकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "म्हणू देत," ती म्हणाली. "मी उद्यापर्यंत इथे उभी राहीन."

तो बराच वेळ तिच्या मुठीकडे बघत राहिला. मग बॅग उचलून लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज आल्यावरच धाकटीने दार उघडलं आणि दोघी आत जाऊन कपाटापाशी बसल्या. धाकटी शर्ट काढून सूटकेसमध्ये ठेवू लागली.

"घड्या कशाला घालतेस?" ताई चिडली. "कोंब तसेच."

"चुरगळतील."

"चुरगळू देत! तो खाली उभा आहे, वर येईल!"

"मग दाराकडे लक्ष ठेव तू. मला हे माझ्या पद्धतीने करू दे."

ताई दारात उभी राहिली. धाकटीने सगळे शर्ट घडी करून ठेवले, एकाचं तुटलेलं बटण त्याच्याच खिशात टाकलं, वर दाढीचं सामान ठेवलं आणि सूटकेस ओढत लिफ्टशी नेली. ती आत ठेवली, तळमजल्याचं बटण दाबलं आणि हात बाहेर घेतला. सूटकेस एकटीच खाली गेली.

खाली दार सरकल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. लिफ्ट तिथेच थांबून राहिली. ताई एकदा जिन्याकडे बघत होती, एकदा लिफ्टच्या दिव्याकडे. धाकटी पाठ ताठ करून घराच्या दाराला टेकून उभी होती.

बऱ्याच वेळाने धाकटीने स्वतः पुढे होऊन लिफ्ट बोलावायचं बटण दाबलं. दोरखंड करकरले. लिफ्ट वर आली, दार सरकलं. आत कुणी नव्हतं, सूटकेसही नव्हती.

ताईने तरी आत वाकून कोपरे बघितले.